लांबून दिसावं म्हणून

कंप्युटरचं बटण दाबून अप्पा चहा ठेवायला गेले. चहा उकळला, गाळला, दोन कपांत ओतला, बशीत खारी मांडली, आणि ट्रे घेऊन ते बाहेर आले तरी पडद्यावरचं चाक गरगर फिरतच होतं.

“रोज एवढा वेळ लागतो?” मी विचारलं.

“आज लवकर होतंय म्हणायचं,” खारी चहात बुडवत अप्पा म्हणाले. “एरवी मी भाजी चिरूनसुद्धा येतो.”

दिवाळी नुकतीच संपली होती आणि मी आठ दिवस कराडला माहेरी आले होते. माहेरी म्हणजे अप्पांकडे. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि धाकटा भाऊ पराग कॅनडात, कॅलगरीला. त्याचं आणि अप्पांचं बोलणं बंद होतं. त्यामुळे घरी अप्पा, मागच्या अंगणातलं पेरूचं झाड आणि परागनं कधीकाळी घेऊन दिलेला हा कंप्युटर, एवढाच संसार.

“मंजू, तू कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर याच्यासमोरच असतेस ना? मग याला जरा पळता कर की. संध्याकाळच्या आत झालं तर बरं.”

“संध्याकाळी काय आहे?”

“आहे काहीतरी,” असं म्हणून ते कप विसळायला गेले.

मी काही इंजिनियर नव्हे. पण आमच्या ऑफिसातली यंत्रं म्हणजे सरकारी कृपेनं आलेली, सतत रुसणारी. ती रुसली की काय करायचं हे मी बघून बघून शिकले होते. मी अप्पांना शेजारी बसवलं आणि कंप्युटर चालू होताना आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी उघडून दाखवली. चांगली पडदाभर होती.

“एवढे सगळे आत बसलेत?” अप्पा पुढे वाकले. “मला तर एक पण दिसत नाही.”

“ते मागे चालू असतात. तुम्ही पत्ते खेळत असलात तरी हे सगळे आतल्या आत खात असतात. बसायला जागाच उरत नाही, मग बिचारा रांगतो.”

“लग्न आटोपलं तरी मांडवात मुक्काम ठोकलेली मंडळी,” अप्पा म्हणाले. “हा कोण?”

“हा गाण्यांचा.”

“मी गाणी रेडिओवर ऐकतो. याला कुणी बोलावलं? जाऊ दे. आणि हा?”

“हा जुन्या प्रिंटरचा.”

“तो प्रिंटर तर तुझ्या आईनं भंगारात घातला! प्रिंटर गेला आणि याची चाकरी चालूच?”

आम्ही दोघं हसलो. आई गेल्यापासून त्या घरात असं हसणं मी फारसं ऐकलं नव्हतं. ड्राफ्ट्समन माणूस, पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढण्यात हयात गेलेली, त्यामुळे एकदा पद्धत कळल्यावर त्यांनी माउस माझ्या हातातून घेतला. नावासमोरची बरोबरची खूण काढायची, पुढच्यावर जायचं. खूण काढताना ते ओठ मुडपत, नकाशावरची चुकलेली रेघ खोडताना मुडपायचे तसेच.

“म्हणजे हे कायमचे गेले?”

“गेले नाहीत. आहेत तिथंच आहेत. फक्त आता बोलावल्याशिवाय येणार नाहीत.”

“हे बेस्ट आहे,” अप्पा म्हणाले.

असं करत यादीच्या तळाशी आलो. तिथं एक नाव मला ओळखीचं होतं. दुसऱ्या गावाहून आपला कंप्युटर कुणाला बघता यावा, चालवता यावा, यासाठी असतो तो प्रोग्राम. आमच्या ऑफिसात पुण्याचा एक मुलगा त्यातूनच दुरुस्त्या करायचा. इथं तो परागनं घातला होता. परदेशी गेल्यावर पहिली काही वर्षं तो तिथून अप्पांचा कंप्युटर नीट करायचा. पडद्यावर बाण आपोआप फिरायला लागला की आई पदर तोंडाला लावून बघत राहायची, आणि मग त्या बाणालाच विचारायची, “जेवलास का रे?”

“हा तर पहिला घालवायला हवा,” मी म्हणाले. “सगळ्यात जास्त हाच खातो.”

अप्पांनी माउसवरचा हात उचलला नाही, उलट माझा हात बाजूला केला.

“त्याला हात लावायचा नाही.”

“अहो अप्पा, पण आता याचा—”

“सांगितलं ना? बाकीचे सगळे काढ. हा राहू दे.”

आवाज चढला होता. मी तो राहू दिला आणि कंप्युटर बंद करून पुन्हा चालू केला. या वेळी चाक दोन-चार गिरक्या घेऊन थांबलं. अप्पांनी टाळीच वाजवली, आणि संध्याकाळसाठी म्हणून तो लगेच बंदही करून ठेवला.

दिवेलागणीच्या आधी मी देवापाशी निरांजन लावत होते, तर अप्पा आतून शर्ट बदलून आले. इस्त्रीचा, फिकट निळा. केसांवरून कंगवा फिरवलेला.

“कुठं निघालात?”

“कुठं नाही. तू बस इथं, गडबड करू नको.”

ते कंप्युटरसमोर बसले आणि बटण दाबलं. सकाळीच कॅमेऱ्यानं पेरूच्या झाडाचा फोटो काढून ठेवला होता, तो त्यांनी पडद्याच्या एका बाजूला उघडला. दुसऱ्या बाजूला लिहायचं कोरं पान उघडलं आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं: पेरू लागलेत. मग अक्षरं मोठी करायला घेतली. मोठी, आणखी मोठी, एवढी मोठी की दोन शब्दांत निम्मा पडदा भरला.

“अप्पा, दुकानाची पाटी रंगवताय का?”

“लांबून बघतो ना तो,” अप्पा म्हणाले.

“कोण?”

“पराग.”

माझ्या हातातली काडेपेटी तशीच राहिली. अप्पा पडद्याकडे बघतच बोलत होते, हलक्या आवाजात, कुणाला जाग येईल अशा बेतानं.

“रोज येतो. दोन वर्षं झाली. बोलत नाही माझ्याशी, पण संध्याकाळी येऊन बघून जातो. तिकडं पहाट असते तेव्हा. कामावर जायच्या आधी येत असणार. इथं कोपऱ्यात चौकट उघडते बघ, कनेक्टेड म्हणून. मिनिटभर थांबतो आणि जातो. आधी हा डबडा इतका हळू चालायचा की माझा फोटो उघडेपर्यंत तो निघून जायचा. म्हणून म्हटलं तुला, जरा पळता कर.”

“बाण हलवतो?”

“नाही. रागावलाय अजून. पण येतो की.”

तेवढ्यात उजव्या कोपऱ्यात खरंच एक छोटी चौकट उघडली. अप्पांनी लगेच माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. “त्याला काही हलवायचं असलं तर आपला हात मध्ये नको,” ते पुटपुटले. मग घड्याळाकडे बघून त्यांचा चेहरा खुलला. “आज बराच लवकर आला. झोप नीट लागली नाही वाटतं.”

मी वाकून चौकट वाचली. अक्षरं बारीक होती. वरच्या ओळीत कनेक्टेड होतं, हे खरं. पण खालच्या ओळीत, तो प्रोग्राम आपल्याच कंपनीकडे आपली नवी आवृत्ती आली का म्हणून विचारतोय, असं होतं. आमच्या ऑफिसातही ही चौकट रोज यायची. खरं माणूस आलं की त्याचं नाव येतं आणि पडद्यावरचं मागचं चित्र नाहीसं होतं. इथं नाव नव्हतं. कंप्युटर चालू झाल्यावर थोड्या वेळानं ती यायची; अप्पा रोज संध्याकाळी ठरल्या वेळी बटण दाबायचे, म्हणून ती रोज ठरल्या वेळी यायची. आज कंप्युटर लवकर चालू झाला, म्हणून ती लवकर आली.

चौकट मिटली. अप्पांनी श्वास सोडला.

“वाचलं असेल ना गं? पेरूचं?”

“वाचलं असेल,” मी म्हणाले.

“त्यानं ते पण वाचलंय,” अप्पा म्हणाले. “आईच्या वर्षश्राद्धाला मी लिहून ठेवलं होतं, चुकलं माझं म्हणून. सबंध आठवडा तेच ठेवलं होतं पडद्यावर. वाचलं असणार, म्हणून तर रोज यायला लागला. नाहीतर कशाला आला असता?”

आई गेली तेव्हा परागला सुट्टी मिळेना, तिकीट मिळेना. तो पोचला तो अकराव्या दिवशी. घर पाहुण्यांनी भरलेलं. तो बॅग घेऊन दारात उभा राहिला आणि अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, “आता कशाला आलास?” परागनं बॅग खाली ठेवलीच नाही. आईच्या फोटोला दारातूनच हात जोडले आणि त्याच रिक्षानं परत गेला. तेराव्यालासुद्धा थांबला नाही. त्यानंतर मला भाऊबीजेला त्याचा फोन यायचा. अप्पांचं नाव निघालं की तो हवापाण्यावर यायचा.

रात्री मी नुसती पडून होते. बाहेरच्या खोलीत अप्पा छान घोरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुणं वाळत घालायच्या निमित्तानं मी गच्चीवर गेले आणि परागला फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं आटोपली असणार. अप्पा पुढच्या व्हरांड्यात पेपर वाचत होते.

“ताई? आज काय? सगळं ठीक?”

“ठीक आहे. पराग, एक खरं सांग. तू अप्पांचा कंप्युटर बघतोस का रे तिकडून?”

“मी? मी का बघेन?” तो हसला. “तो प्रोग्राम मी केव्हाच काढून टाकला इथनं. आई गेली त्याच महिन्यात.”

मला ते माहीतच होतं. मी त्याला सगळं सांगितलं. शर्ट सांगितला, माउसवरून काढलेला हात सांगितला. चुकलं माझं, हेही सांगितलं.

“ऐकतोयस ना?”

“हं. ताई, ते तोंडानं का नाही बोलले? फोन होता की घरात.”

“तू त्यांना ओळखत नाहीस का? आणि तू तरी केलास का फोन? दोघं एकाच माळेचे मणी. हे बघ, भांडू नको. एकदा ये फक्त. उद्या संध्याकाळी, एक मिनिट. बोलायचं नाही, काही नाही. तो बाण थोडा इकडचा तिकडं हलव. त्यांनी दोन वर्षं वाट बघितलीय रे, आणि तू एकदाही आलेला नाहीस. एकदा तरी ये!”

शेवटी शेवटी माझा आवाज चढला असावा. मी रडत होते. पराग म्हणाला, “त्या कंप्युटरचा नंबर पाठव, तो प्रोग्राम दाखवतो तो. करतो.”

डोळे पुसून, रिकामी बादली घेऊन मी खाली उतरले. मागच्या अंगणात टाकीपाशी अप्पा पेरूला पाणी घालत होते. आळं भरून पाणी वाहायला लागलं होतं आणि त्यांचं लक्ष नव्हतं.

“अप्पा, पाणी चाललंय!”

“अं? हो हो,” म्हणून त्यांनी नळ बंद केला.

त्या दिवशी ते नेहमीसारखेच होते. जेवले जरा कमी, पण हवा बदललीय म्हणाले. संध्याकाळी कंप्युटर लावलाच नाही, डोळे चुरचुरतात म्हणाले. मला बरंच वाटलं. म्हटलं, एक दिवस ती खोटी चौकट नको. उद्या खरा पराग येईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली.

“मंजू, ती यादी परत कशी उघडायची? तू गेल्यावर मला यायला हवं.”

मी दाखवलं. त्यांनी स्वतः दोनदा करून बघितलं. “जमलं,” म्हणाले, “तू आता जरा पड.” मी खरंच पडले. मनात गंमत वाटत होती. संध्याकाळी बाण हलेल तेव्हा अप्पांचा चेहरा कसा होईल, तेच डोळ्यापुढे आणत होते. शिरा करावा असंसुद्धा ठरवलं.

दिवेलागण झाली. शिऱ्याचा रवा भाजून मी बाहेर आले तर अप्पा कंप्युटरसमोर बसून पत्ते खेळत होते. अंगात सकाळचाच मळका सदरा.

“अहो, शर्ट नाही बदलला?”

“हाच बरा आहे.”

“आणि फोटो? आज काही लिहिलं नाही?”

“काळ्या रंगाची राणी कुठं गेली बघ,” अप्पा म्हणाले. “या डावात सापडतच नाही.”

मी घड्याळ बघत राहिले. वेळ झाली, वेळ उलटली. कोपऱ्यात काही उघडेना. मग माझा फोन वाजला.

“ताई, लागत नाहीये,” परागचा आवाज घाईचा, थोडा घाबरलेला. “नंबर बरोबर आहे ना? समोरचा कंप्युटर बंद आहे असं दाखवतंय. मी मगापासून करतोय. अगं, चालू तरी आहे का तो?”

कंप्युटर माझ्यासमोर चालू होता. अप्पा पानावर पान ठेवत होते. मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथलं त्या प्रोग्रामचं बारकं चिन्ह नव्हतं.

“अप्पा, तुम्ही तो काढलात?”

“हो. तूच म्हणालीस ना, सगळ्यात जास्त तोच खातो.” त्यांनी आणखी एक पान ठेवलं. “गच्चीवर बोललेलं टाकीपाशी सगळं ऐकू येतं, मंजू. तुझी आई शेजारणीशी बोलायची तेव्हाही यायचं. मी मुद्दाम ऐकलं नाही.”

फोनमध्ये पराग ‘हॅलो, हॅलो’ करत होता. मी तो अप्पांपुढे धरला.

“घ्या. बोला त्याच्याशी. आत्ता लाइनवर आहे तो. खरंच आलाय.”

अप्पांनी फोनकडे पाहिलं. हात पुढे केला, सदऱ्याला पुसला, आणि मांडीवर ठेवून दिला.

“अप्पा, तो तुमच्यासाठी पहाटे उठलाय.”

“तू रडलीस म्हणून उठलाय.” ते माझ्याकडे बघायला तयार नव्हते. “माझा पराग रोज यायचा गं. दोन वर्षं, एक दिवस खाडा नाही. मी आजारी असलो तरी यायचा. त्याच्याऐवजी तू मला एक दिवसाचा आणून देतेस. तो घेऊन मी काय करू?”

“मग चूक झाली म्हणालात ते तरी सांगा त्याला! ते कुणी वाचलंच नाही, अप्पा.”

“हो,” अप्पा म्हणाले. “तेच तर.”

मग त्यांचे खांदे हलायला लागले. माझ्या वडिलांना मी आईच्या वेळीसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते आणि एक हात माउसवर तसाच. मी फोन कानाला लावला. पराग अजून लाइनवर होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. “उद्या करतो, ताई,” म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानं दुसऱ्या दिवशी फोन केला, पण मला. अप्पांना कधीच केला नाही. हिंमत झाली नाही, असं पुढं एकदा म्हणाला. मीही त्याला पुन्हा गळ घातली नाही. दोघांच्या मध्ये उभं राहून मी फार थकले होते.

निघायच्या दिवशी अप्पांनी मला कंप्युटर बंद करून पुन्हा चालू करून दाखवला. बटण दाबलं आणि पडदा लगेच उजळला.

“बघ कसा पळतोय,” ते म्हणाले. “आता चहा ठेवायलासुद्धा वेळ मिळत नाही.”

नंतर मी जायचे तेव्हा कंप्युटरवर कापड घातलेलं असायचं. विचारलं तर म्हणायचे, डोळे चुरचुरतात.

अप्पा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. त्या वेळी मात्र पराग तिसऱ्या दिवशीच पोचला. दारात बॅग घेऊन उभा राहिला आणि आत यायला बिचकला. मी पुढे होऊन बॅग घेतली आणि त्याला म्हटलं, “ये.”

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर त्यानं कंप्युटरवरचं कापड काढलं आणि बटण दाबलं. पडदा लगेच उजळला. तो एकेक कप्पा उघडून बघायला लागला. मला कळलं तो काय शोधतोय. मीही शेजारी खुर्ची ओढली. पेरूचे फोटो नव्हते. लिहिलेली पानंही नव्हती. अप्पांनी सगळं स्वच्छ करून ठेवलं होतं. पत्त्यांचा खेळ तेवढा शिल्लक होता.

“तू बघितलं होतंस का ते, ताई? काय लिहिलं होतं नक्की?”

“मी नाही बघितलं. चुकलं माझं, एवढंच होतं म्हणाले.”

“एवढंच?”

“एवढंच. पण मोठ्या अक्षरात असणार. पडदाभर.”

“मोठ्या का?”

“तुला लांबून दिसावं म्हणून,” मी म्हणाले.

परागनं माउसवरचा हात काढला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून घेतलं.